साडेत्रेसष्ट अंशांचं ऊन

संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस दादरहूनच पकडायची होती, म्हणून शेवटचा दिवस दादरमध्येच घालवायचं ठरलं. तसंही मुंबईत माझं उतरायचं ठिकाण गेली तीस वर्षं एकच. हिंदू कॉलनीतल्या एका गल्लीत मित्राचं घर. तळमजला अधिक दोन मजले, लाकडी जिना आणि सकाळी आठला स्वयंपाकघराच्या ओट्यावर येणारं ऊन. या वेळी त्या उनाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. इमारत पुनर्विकासाला गेलीय, दोन महिन्यांत रिकामी करायची आहे.

"हे ऊन आपोआप येत नाही हं," मित्र चहा गाळत म्हणाला. "मोजून आणलंय."

त्याचं खरं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेगचा रोगी सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गाव गाठायला निघालं. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, कोंडलेली हवा हे त्याचं कारण मानलं गेलं. (उंदरावरच्या पिसवांचा हात सर्वांना पटायला अजून काही वर्षं जायची होती.) १८९८मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर कॉलन्या आखल्या.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. नाव अवघड, हिशेब सोपा: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. तेवढं पाळलं की खालच्या खोलीतही आकाश दिसतं. मित्राच्या ओट्यावरचं ऊन त्याच विचारातून आलेलं.

वहिनी म्हणाल्या, "ऊन कोणाला मिळालं तेही बघून या. परळला जाऊन या आधी."

आम्ही गेलो. परळला पोयबावडीजवळ ट्रस्टच्याच चाळी आहेत, लोक त्यांना बीआयटी चाळी म्हणतात. लांबलचक व्हरांडा, ओळीने खोल्या, सामायिक नळ. इथेच दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. आंबेडकर राहत होते. एकीत संसार, दुसरीत अभ्यास. १९१२पासून जवळजवळ बावीस वर्षं, परदेशातल्या शिक्षणाचा काळ वगळून. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, सगळं या पत्त्यावरून झालं. मी नागपूरचा. दीक्षाभूमी घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. पण या व्हरांड्यात मी पहिल्यांदाच उभा होतो, आणि तीस वर्षांत सुचलं कसं नाही याची लाज वाटली.

बसने परत निघालो. रस्त्याला आता त्यांचंच नाव आहे. पूर्वी याच वाटेने ट्राम यायची आणि खोदादाद सर्कलला थांबायची. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरलाच आली. 'दादर टीटी' म्हणणाऱ्या पोरांना टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे ठाऊक नसतं, तरी टॅक्सीवाल्याला बरोबर सांगतात.

तिथून दोन मिनिटांवर राजगृह. पुस्तकं मावेनात म्हणून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हे घर बांधलं आणि चाळ सोडून इथे आले. चाळ ट्रस्टची, ही कॉलनीही ट्रस्टने आखलेली. मधलं अंतर पायी पाऊण तासाचं. माझ्या माहितीत हे अंतर कापायला एवढी विद्वत्ता कोणाला खर्चावी लागली नसेल. ट्रस्टने जेवढी घरं पाडली त्या मानाने गरिबांसाठी बांधली फार कमी, ही टीका त्या काळीच झाली होती. मोजलेलं ऊन भाडं परवडणाऱ्यांच्या वाट्याला आलं. कारकून, शिक्षक, वकील. मित्राचे आजोबा त्यातलेच, हे तो स्वतःच म्हणाला.

दुपारी जेवताना त्याने नव्या इमारतीचा नकाशा पसरला. त्याला चौदावा मजला मिळणार आहे.

"भरपूर ऊन येईल," तो म्हणाला.

"आणि खालच्यांना?"

"खाली पार्किंग आहे."

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. समोरच्या गल्लीतली जुनी इमारत मात्र तशीच दोन मजली राहणार आहे, तिचा करार अजून झालेला नाही. त्या घरातल्या आजी रोज साडेआठला खिडकीत वाटीभर मेथी निवडत बसतात. मी त्यांना वर्षानुवर्षं बघतोय, नाव कधी विचारलं नाही.

स्टेशनवर दोघंही आले. डिसेंबर २०२३पासून फलाटांचे क्रमांक बदललेत, मध्य रेल्वेचे आता आठपासून सुरू होतात. मी सवयीने जुना आकडा शोधत राहिलो. वहिनींनी पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी दिली. पुढच्या खेपेला कुठे उतरायचं, हे कोणीच काढलं नाही. गाडी हलल्यावर मित्र फलाटावरून ओरडला, "नवा पत्ता कळवतो!"