जुनं कपाट घरीच घासताय? आधी त्यावरचा रंग कधीचा आहे ते पाहा

जुन्या चाळीतून किंवा वाड्यातून घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहायला येताना सामानासोबत आजीचं सागवानी कपाट, पाट किंवा पाळणाही येतो. ऑनलाइन मागवलेलं सँडर मशीन, पॉलिश पेपर आणि दोन-चार व्हिडिओ यांच्या जोरावर ड्राय बाल्कनीतच वर्कशॉप सुरू करता येतं. पण त्या कपाटावर जुना ऑइल पेंट असेल, तर घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं. आणि ड्राय बाल्कनीचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं.

रंगात शिसं कुठून आलं?

रंग लवकर वाळावा, गडद दिसावा आणि टिकावा यासाठी ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगं घातली जायची. पिवळ्या आणि केशरी छटांमध्ये त्यांचं प्रमाण जास्त असायचं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्येच बंदी घातली. भारतात याबाबतचा नियम 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यानुसार घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त असता कामा नये. त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या वस्तूबद्दल शंका घेतलेलीच बरी.

धोका कोणाला?

सगळ्यात जास्त लहान मुलांना आणि गर्भवतींना. जागतिक आरोग्य संघटनेनुसार शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट जास्त शिसं मुलांचं शरीर शोषून घेतं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत. रांगणारं मूल फरशीवरचे हात तोंडात घालतं, त्यामुळे साधी धूळही पुरेशी ठरते. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते.

रंग आहे की पॉलिश, कसं ओळखायचं?

लाकडाच्या रेषा दिसत असतील तर ते बहुधा पॉलिश किंवा वॉर्निश असतं. मागच्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ धरून ठेवावा. थर मऊ, चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे. ते स्पिरिटनेच पुसून काढता येतं, घासावं लागत नाही. रेषा अजिबात दिसत नसतील आणि रंगाचा जाड थर असेल, तर ऑइल पेंट समजून चालावं.

ऑइल पेंट असेल तर काय करायचं?

- कोरडं घासू नये, मशीनने तर नाहीच. ब्लो लॅम्पने रंग जाळूही नये, कारण त्यातून शिशाची वाफ होऊ शकते.
- थर घट्ट असेल तर तो न काढता वरून नवा रंग देणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.
- काढायचाच असेल तर काम घराबाहेर, मुलांपासून लांब आणि पृष्ठभाग ओला ठेवून करावं. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही.
- झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावं आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.
- पाळणा, खेळणी अशा मुलं तोंडात घालतील त्या वस्तूंवर जुना रंग असेल तर त्या वापरायला देऊ नयेत.

फ्लॅटमध्ये आणखी काय सांभाळायचं?

थिनर आणि स्पिरिट चटकन पेट घेतात. गॅस किंवा देवघरातला दिवा जवळ नको. जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सोसायटीने ड्रिलसाठी वेळ ठरवून दिली असेल तर तीही पाळावी लागते.

आणि पॉलिशचं काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लाखेचा थर पांढरट पडतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.