पैसा, हुन्नर आणि दार : बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनाचा आजचा अर्थ



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगा रोज संध्याकाळी येतो. इंजिनिअर झाला त्याला दोन वर्षे झाली. शेवटच्या वर्षी शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेत आला नाही, म्हणून कॉलेजने त्याचे कागद अडकवून ठेवले. कागद हातात पडले तोवर मिळालेली नोकरी गेली होती. आता तो तलाठी भरतीचा अभ्यास करतो. परवा एका करिअर मार्गदर्शन शिबिरात व्याख्याते म्हणाले, "नोकऱ्या भरपूर आहेत, पण तुमच्या मुलांकडे स्किल नाही." तो मुलगा मान खाली घालून बसला होता. त्या खाली गेलेल्या मानेसाठी हा लेख आहे.

"पदवीधर कामाच्या लायकीचे नाहीत" हे वाक्य आज सरकार, उद्योगपती आणि वर्तमानपत्रे एका सुरात म्हणतात. दोष पदवीधराचा, म्हणून सुधारायचेही त्यानेच. हे कितपत खरे, ते इतिहासाला विचारू.

सुरुवात १९१७ पासून करू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. ते अर्थशास्त्रात एम. ए. झाले, पीएच. डी. चा प्रबंध लिहिला, लंडनमध्ये पुढचे शिक्षण सुरू केले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे ते शिक्षण अर्धवट सोडून करार पाळायला बडोद्यात आले. पुढे काय झाले ते आपल्या घराघरात माहीत आहे. शिपाई फायली दुरून फेकत. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून आसरा घ्यावा लागला, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

आता सांगा, त्या तरुणाकडे कोणते 'स्किल' कमी होते? त्या कचेरीत त्याच्याइतका शिकलेला दुसरा कोण होता? पैसा मिळाला होता, ज्ञान मिळवले होते, पण कामाच्या जागेचे दार जातीने बंद केले होते. शिक्षणावर खर्च करून दाराकडे दुर्लक्ष केले तर तो खर्चही वाया जातो, हा धडा बाबासाहेबांनी पुस्तकातून नव्हे, अंगावर झेलून घेतला.

दहा वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, ते मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे ठेवला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूतून, माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. निदान जेवढे लोकांकडून या मार्गाने घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्चा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण खात्याने फी वाढवून आपला खर्च भागवण्याच्या वृत्तीलाही त्यांनी विरोध केला. शिक्षण स्वस्त असले पाहिजे आणि खालच्या वर्गांसाठी अधिकाधिक स्वस्त असले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 'वापरणाऱ्याने किंमत मोजावी' हे आजचे धोरण नवे नाही. बाबासाहेबांनी ते जवळपास शंभर वर्षांपूर्वीच खोडून काढले आहे.

पण या लेखाचा गाभा १९४२ मध्ये आहे. त्या वर्षी जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा. त्यांनी नुसती 'शिष्यवृत्ती द्या' अशी मागणी केली नाही. कला आणि कायद्याच्या पदवीने आपल्या समाजाचे फार भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे स्पष्ट मांडले. हे शिक्षण महाग, ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून केंद्र सरकारने दरवर्षी दोन लाख रुपये देशातल्या शिक्षणासाठी आणि एक लाख रुपये परदेशी शिक्षणासाठी द्यावेत, हा त्यांचा हिशेब. आणि पुढची मागणी सर्वांत महत्त्वाची : सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या. सरकार स्वतः मोठा मालक आहे, तर तंत्रशिक्षणाची सोय त्याने आपल्याच कारखान्यात करावी.

सरकारला हलावे लागले. तीन लाखांची तरतूद झाली. आज आपण जिला पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती म्हणतो तिचा उगम इथे आहे. परदेशातही मुले गेली. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. आणि १९४५ साली, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, त्यांच्या खात्याखाली सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा उभी राहू लागली.

हे तुकडे एकत्र ठेवून पाहा. शिकायला पैसा, शिकण्यात हुन्नर, आणि हुन्नर वापरायला उघडे दार. तिन्हींची जबाबदारी सरकारवर. एकही पाय काढला तर तिवई पडते. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हाही सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला पोट आणि पदवी यांपैकी एकच निवडावे लागू नये.

आज त्या तिवईचे काय झाले?

पैशाचा पाय बघा. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले आणि फी हा धंदा झाला. शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा घटत जाऊन २०१७ ते २०२० या काळात वर्षाला सरासरी ११०० कोटींवर आला. तो वाढवून ६० टक्के करण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला, त्याचे स्वागतच आहे. पण पालकांच्या उत्पन्नाची २०१३ साली ठरलेली अडीच लाखांची मर्यादा २०२१ च्या नव्या नियमांतही तशीच राहिली. महागाई वाढली, मर्यादा हलली नाही.

हुन्नराच्या पायाचे बघा. २०२४ साली राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १० हजार, सुरुवातीला सहा महिने. प्रशिक्षणाला आपला विरोध नाही, ती मागणी बाबासाहेबांचीच. पण प्रशिक्षणानंतर नोकरीची हमी नसेल, तर ते शिकवणे की स्वस्तात राबवून घेणे?

आणि दार? सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. हा विजय विसरू नका, आणि गाफीलही राहू नका. कंत्राटात आरक्षणाचे दार आवाज न करता बंद होते.

कोणी म्हणेल, मग मुलांनी कौशल्य शिकूच नये का? जरूर शिकावे. इंग्रजी, संगणक, मुलाखत, सगळे शिकावे. १९४२ चे निवेदन तेच सांगते. पण कौशल्य हा अर्धा प्रश्न आहे. उरलेला अर्धा सरकारच्या तिजोरीचा आणि कामाच्या जागेवरच्या जातीचा आहे. अर्ध्या प्रश्नाला पूर्ण म्हणणे ही लबाडी आहे.

म्हणून आपल्या अभ्यासिकांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीचे किती अर्ज कोणत्या महिन्यापासून अडकले आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि सरकारी कारखाने, महामंडळे, एसटीचे आगार इथे उमेदवारीच्या जागा किती, त्यातल्या आपल्या किती भरल्या, याचा हिशेब मागा. बाबासाहेब भाषणाला उभे राहत ते आकडे घेऊनच.

त्या मुलाला मी १९१७ ची गोष्ट पुन्हा सांगितली. म्हटले, बडोद्यातून परतलेला माणूस नापास झाला नव्हता, बडोदा नापास झाले होते. तू मान वर कर, आणि उद्या अर्ज लिहायला ये.

जय भीम! नमो बुद्धाय!