अपघात की आघात?

परभणीच्या काळ्या रानात कापूस पिकविणाऱ्यास आणि त्याच्या गाठी बांधणाऱ्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही. दाबून बांधलेल्या रुईला आग लागली, तर ती वरून विझल्यासारखी दिसते आणि आतून धुमसत राहते. १९४४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जे जहाज लागले, त्याच्या पोटात अशी रुई आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये यांचा शेजार झाला होता. २४ फेब्रुवारीस इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून ते निघाले, तेव्हा रुई त्यावर नव्हती. ती कराचीस चढली. तिच्यासोबत तेल, गंधक, लाकूड असा इतर ज्वालाग्राही मालही चढला. कप्तान नायस्मिथ याने हरकत घेतली. परंतु युद्धाच्या घाईत जहाजातील रिकामी जागा म्हणजे चैन, आणि तिच्यापुढे कप्तानाचे काय चालणार!

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या कोठारातून धूर दिसू लागला. बंबवाल्यांनी आत ९०० टनांहून अधिक पाणी सोडले. आग तर विझली नाहीच, उलट ते पाणीच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्यांची नोंद उमटली.

मुंबईकरांस प्रथम काय वाटले असेल, हे सांगण्यास इतिहासकार नको. महिन्यापूर्वी जपानी सैन्य इंफाळच्या रोखाने निघाले होते. कोहिमास वेढा पडला होता. दोन वर्षांमागे कोलंबोवर जपानी विमानांनी बाँब टाकलेले लोकांच्या स्मरणात होते. तेव्हा जपानी आले, ही वार्ता आगीहूनही वेगाने पसरली. वास्तविक शत्रूचा यात काडीमात्र संबंध नव्हता. परंतु ते सांगणार कोण? वृत्तनियंत्रकांनी बातमी दाबून धरली. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपानी अंमलाखालील सायगाव नभोवाणीने मुंबईचा वृत्तांत तपशिलासह जगाला ऐकविला. आणि हिंदुस्थानातील बातमीदारांस तो बाहेर धाडण्याची मोकळीक मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. स्वतःच्या घरी लागलेल्या आगीची हकीकत शत्रूच्या तोंडून ऐकावी, याहून मोठी नामुष्की सरकारला कोणती?

जनतेचा आणि कामकऱ्यांचा प्रतिसाद मात्र निराळा होता. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. पुढे सुमारे ८,००० माणसांनी सात महिने राबून गोदी मोकळी केली. मृतांचा सरकारी आकडा सातशेंच्या वर आहे. इतर अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत.

सव्वा वर्षाने, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर जो बाँब पडला, त्याची शक्ती सुमारे १५,००० टन स्फोटकांइतकी होती. 'फोर्ट स्टिकिन'वरील साठ्याच्या ती दसपट. त्या दिवसापासून मुंबईच्या त्या प्रश्नाला, हा अपघात की आघात, वेगळीच धार आली. १९४४ साली शहराने काही तास चुकीचे मानले, तरी त्यापायी नवे युद्ध पेटणार नव्हते. ते आधीच पेटलेले होते. अण्वस्त्रे हाताशी असलेल्या राष्ट्राला तीच चूक काही मिनिटांतही महाग पडेल. २६ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा सोव्हिएट यंत्रांनी दिला. खरा हल्ला पाच अस्त्रांनी सुरू व्हायचा नाही, असा विचार करून लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह याने तो खोटा ठरविला, आणि तो खोटाच होता. परंतु दर वेळी असा विचारी मनुष्य पाळीवर असेलच, याची हमी कोण देणार?

म्हणूनच अपघात घडल्यास दुसऱ्या पक्षास लागलीच कळवावे, असा करार अमेरिका व सोव्हिएट संघ यांनी ३० सप्टेंबर १९७१ रोजी केला. भारत व पाकिस्तान यांनीही अण्वस्त्रांच्या अपघातांविषयी तसाच करार २१ फेब्रुवारी २००७ रोजी नवी दिल्लीत केला. त्याच्या भावनेची कसोटी पंधरा वर्षांनी लागली. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक नव्हते, कोणी दगावले नाही. अण्वस्त्र नसल्यामुळे कराराचे शब्दही त्याला लागू नव्हते. पाकिस्तानने प्रत्युत्तर दिले नाही, आणि या संयमाचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याच्या लष्कराने वृत्त जाहीर केले. भारताने चूक मान्य केली ती ११ मार्चला. आपल्याला तत्काळ कळविले नाही, ही पाकिस्तानची तक्रार राहिली. मुंबईच्या बाबतीत महिना गेला होता, येथे दोन दिवस. सुधारणा खरी, परंतु क्षेपणास्त्राचा सारा प्रवास काही मिनिटांचा होता. संयुक्त चौकशीची पाकिस्तानची मागणी भारताने मानली नाही. स्वतः चौकशी करून २३ ऑगस्ट २०२२ रोजी हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांस सेवेतून दूर केले.