पाचवी मागणी

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या दोन सभा झाल्या, २३ तारखेला एक आणि २६ ला दुसरी. मुंबई सरकारने गिरण्यांतल्या कामाची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्याच्यापुढे कामगारांचे म्हणणे जावे म्हणून ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतला होता. या सभांत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, या चार मागण्यांचा उल्लेख वारंवार होतो. पाचवीची आठवण फारशी कोणी काढत नाही. कामावर गंभीर इजा होऊन कामगाराला घरी बसावे लागले, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

चूक कोणाची, हे त्या मागणीने विचारलेच नाही. हात गेला आहे, घर चालले पाहिजे, एवढीच तिची भूमिका होती. कायद्याला कामगारांसाठी तिथवर यायला पुढची चाळीस वर्षे लागली, रस्त्यावरच्या माणसासाठी जवळपास शंभर.

त्या वेळी कायदा अगदीच नव्हता असे नाही. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. इंग्लंडमधल्या १८४६ च्या कायद्यावर तो बेतलेला होता. दुसऱ्याच्या गैरकृत्यामुळे माणूस मेला, तर त्याची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दावा लावता येऊ लागला. दावा मात्र दिवाणी न्यायालयात लावायचा, कोर्ट फी भरायची, वकील द्यायचा आणि समोरच्याचा निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा. महिन्याकाठी मोजके रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या विधवेला हे कुठून जमावे? त्यातून इंग्रजी न्यायालयांनी १८३७ पासून रुजवलेले एक तत्त्व मालकांच्या मदतीला होते. सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली, तर मालक जबाबदार नाही, असे ते तत्त्व. यंत्र चालू करणारा कामगार, पट्टा चढवणारा कामगार, बोट गमावणाराही कामगार. मग मालकावर बोट ठेवायचे कसे? भारतात हा बचाव कायद्याने काढून टाकला गेला तो थेट १९३८ मध्ये.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले आणि अपघाताची वर्दी देणे बंधनकारक केले. भरपाईबद्दल त्यात अक्षर नव्हते. जायबंदी माणूस रत्नागिरी किंवा साताऱ्याकडच्या आपल्या गावी परतायचा आणि त्याचा भार भावकीवर पडायचा. गिरणीच्या लेखी तो विषय तिथेच संपत असे.

खरा बदल १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी ठरू लागली, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट गेली. दावा दिवाणी न्यायालयाऐवजी खास नेमलेल्या आयुक्तापुढे चालू लागला. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या एकेका अवयवापुढे कमाईची क्षमता किती टक्के घटते ते छापलेले होते. पुढे आकडे बदलत गेले. अलीकडच्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४ आणि दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण या तक्त्यामुळेच बोटाची किंमत ठरवणे मालकाच्या मर्जीवर राहिले नाही.

या कायद्यातली दोन कलमे फार विचारपूर्वक लिहिलेली आहेत. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगाराने केला, तरी तो रद्दबातल ठरतो. आणि कामगार दगावला, तर मालकाने भरपाईची रक्कम आयुक्ताकडेच जमा करायची. घरच्यांच्या हाती परस्पर टेकवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. दुःखात बुडालेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईसमोर कागद धरून अंगठा उमटवून घेणे किती सोपे असते, हे ही कलमे लिहिणाऱ्यांना नीट कळले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कायद्याचा विषय सामावून घेतलेला आहे.

तक्ता आंधळेपणाने लावला तर काय होते, हे ओरिसातल्या एका सुताराच्या खटल्यात दिसले. एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात दंडापासून कापावा लागला. हात एकच गेला, तेव्हा अपंगत्व पूर्ण धरू नये, असे मालकाचे म्हणणे होते. आयुक्ताने ते १०० टक्के धरले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. एका हाताने रंधा मारता येत नाही, करवत चालवता येत नाही. सुतार म्हणून त्याची कमाई संपलेली होती. इजा डॉक्टरच्या दाखल्यावरून मोजायची, पण नुकसान माणसाच्या धंद्यावरून, हे सूत्र २०१० मध्ये न्यायालयाने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठीही सविस्तर मांडले.

रस्त्यावरच्या अपघातांची वाट याहून लांबची निघाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला, पण ते प्रकरण अमलात यायला जुलै १९४६ उजाडला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय केली. कोर्टाच्या आवारात ज्याला ‘क्लेम ट्रिब्युनल’ म्हणतात तेच हे. तरीही मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. अखेर १९८२ च्या दुरुस्तीने, चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये देण्याची तरतूद केली. रक्कम तुटपुंजीच होती. पण परळच्या अर्जातला विचार ९८ वर्षांनी रस्त्यावरच्या माणसालाही लागू झाला, हे मोठेच पाऊल होते.

जास्त रक्कम हवी असेल तर निष्काळजीपणा आजही दाखवावा लागतो. तिचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालापासून बराच एकसारखा झाला आहे. समजा, ३४ वर्षांचा विवाहित माणूस वर्षाला दोन लाख चाळीस हजार कमावत होता आणि मागे बायको व दोन मुले आहेत. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केले की एक लाख साठ हजार उरतात. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६, म्हणजे २५ लाख ६० हजार. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के आधी मिळवायचे, म्हणजे हाच आकडा ३५ लाख ८४ हजारांवर जातो. हे माहीत नसलेले कुटुंब पाच-सात लाखांच्या तडजोडीवर सही करून मोकळे होते.

म्हणूनच वकील कोण, हा प्रश्न या इतिहासात पहिल्यापासून आहे. कामगार भरपाईचा कायदा ज्या वर्षी लागू झाला त्याच १९२४ मध्ये मुंबईत गरिबांना वकील मिळवून देण्यासाठी बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली, यात नवल नाही. अमेरिकेत इजेच्या दाव्याचे वकील वसुलीतला वाटा फी म्हणून घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही आणि वकिलाने जाहिरात करणेही मंजूर नाही. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा ठरवून घेतल्याचे प्रकरण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तो व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरला. २०१७ मध्ये अपघाताच्याच दाव्यांत टक्केवारीने फी मागितल्याचे प्रकरण आले, तेव्हाही न्यायालयाने अशी फी बेकायदा ठरवली. त्यामुळे जखमीच्या खाटेपाशी येऊन ‘टक्क्यांवर काम करतो’ म्हणणाऱ्यावर भिस्त ठेवायचे कारण नाही.

वकील शोधायला दूर जावे लागत नाही, कारण कायद्यानेच दावा घराजवळ आणला आहे. रत्नागिरीचा माणूस मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दगावला, तरी त्याचे कुटुंब राहत्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. रोज अशा केसेस चालवणारे वकील तिथेच भेटतात. फीची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास वाट वेगळी, ती रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाते. तिथेही रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई आठ लाख रुपये आहे, आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

एका बाबतीत मात्र कायदा मागे आला आहे. मोटार अपघाताच्या दाव्यावरची मुदत १९९४ मध्ये उठवली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पायात सळ्या घालून अंथरुणावर पडलेल्या माणसाचे सहा महिने ऑपरेशन आणि औषधपाण्यातच जातात. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पहिल्याच आठवड्यात एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याची बिले, पगाराचा पुरावा आणि गाडीच्या विम्याचा तपशील एका पिशवीत जमवावा आणि ती पिशवी घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टाची पायरी चढावी.