अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू
राज्यशास्त्रातील संशोधनपर इंग्रजी त्रैमासिक. अमेरिकन पॉलिटिकल सायन्स असोसिएशनने (स्थापना १९०३) ते १९०६ मध्ये सुरू केले. आरंभी संविधान, कायदा व शासनसंस्था यांच्या वर्णनावर भर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वेक्षणे व संख्याशास्त्र यांना प्राधान्य मिळाले (पहा : वर्तनवाद), पुढे गणिती प्रतिमानेही आली. या एकांगी कलाविरुद्ध २००० मध्ये ‘पेरेस्त्रोइका’ चळवळ उभी राहिली. लिपसेट यांचा लोकशाही व आर्थिक विकास यांवरील (१९५९), बॅक्रॅक व बॅरट्झ यांचा सत्तेच्या दोन रूपांवरील (१९६२) आणि फिअरन व लेटिन यांचा यादवी युद्धावरील (२००३) हे लेख आजही विपुल उद्धृत होतात. दोन वर्षांच्या उद्धरणांवर बेतलेला प्रभावांक अशा दीर्घजीवी लेखांना न्याय देत नाही (पहा : संदर्भमिती). भारतीय लोकशाहीवरील लाइपहार्ट यांचा लेख (१९९६) येथलाच.