मुखत्यारपत्रावरची घरे

1948 नंतर आपली कुटुंबे इस्रायलला आली, ती एकदम नव्हे. एक भाऊ लोदला किंवा दिमोनाला, तर दुसरा मुंबईत. मागे राहिलेल्याच्या नावे घर घ्यायचे तर मुखत्यारपत्र लागे. त्यालाच इथे ‘यिप्पुई कोआख’ म्हणतात. 1992 पर्यंत दिल्लीत इस्रायलचा दूतावास नव्हता, पण मुंबईत वकिलात होती. तिथे सही करून कागद इकडे पाठवता येई. मग त्याच्या आधारे ‘ताबू’त, म्हणजे जमीन नोंदणी कचेरीत, नोंद होई. हा शब्द तुर्की अमलातला. आपल्या कानांना मात्र तो ‘ताबा’च वाटे.

सही एकाची, घर दुसऱ्याचे. सारे विश्वासावर चाले. पैसे कोणी भरले, नाव कोणाचे लागले, हे नातवंडांना ठाऊक नसते. पेटीतले ते कागद आपण हयात असतानाच त्यांना वाचून दाखवू या.