हॉटस्पॉटचं बटण फुकट कसं झालं?

"जरा हॉटस्पॉट ऑन कर ना" हे वाक्य हॉस्टेलवर दिवसातून दहादा ऐकू येतं. आजचा एपिसोड त्या बटणाबद्दल.

याची सुरुवात वाय-फायने झाली नाही. २००० च्या आसपास बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड असायचं. फोन आणि लॅपटॉप टेबलावर समोरासमोर ठेवायचे, मग लॅपटॉप फोनला चक्क मॉडेम समजून 'स्टार नव्याण्णव हॅश' डायल करायचा. मध्ये चहाचा कप आला की नेट गेलं! पुढे ब्लूटूथ आलं. एरिक्सन कंपनीत १९९४ साली त्यावर काम सुरू झालं, तेच मुळी वायरीला पर्याय म्हणून. आता फोन खिशात राहिला तरी चालायचं. ब्लूटूथ स्लो असतं खरं, पण जीपीआरएस त्याहून स्लो होतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

२००८ मध्ये फिनलंडच्या एका कंपनीने जोइकूस्पॉट हे ॲप काढलं आणि नोकियाचा फोन वाय-फाय राउटर झाला. त्याच वर्षी आयफोनसाठी नेटशेअर आलं, ते ॲपलने स्टोअरमधून काढून टाकलं. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉट २०१० च्या फ्रोयो व्हर्जनपासून, आयफोनवर वाय-फाय हॉटस्पॉट २०११ पासून.

म्हणजे टेक्निकल प्रश्न सुटला होता. भांडण होतं पैशांचं. अमेरिकेत व्हेरायझन कंपनी टेदरिंगचे महिन्याला २० डॉलर वेगळे घ्यायची. पण २००८ च्या लिलावात तिने जे स्पेक्ट्रम घेतलं, त्याला अट होती: ग्राहकाच्या ॲप्सवर बंधन घालायचं नाही. तरी फुकट टेदरिंग ॲप्स ग्राहकांना दिसू नयेत म्हणून कंपनीने गुगलला सांगितल्याची तक्रार एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे गेली. जुलै २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. ठरावीक जीबी विकत घेतलेल्यांना ते लॅपटॉपवर वापरायची मोकळीक मिळाली. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं. २ जीबीचे पैसे दिलेत ना? मग ते कुठल्या स्क्रीनवर संपवायचे हे आपण ठरवणार.

(कंपनीला टेदरिंग कळतं कसं? प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, तो वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून जातं, म्हणून तो आकडा एकाने कमी दिसतो. ही एक युक्ती झाली, बाकीच्याही आहेत.)

आज वायर, ब्लूटूथ, वाय-फाय तिन्ही फोनमध्ये शिल्लक आहेत. एकच लॅपटॉप आणि लांबलचक मीटिंग असेल तर मी डोळे झाकून यूएसबी लावतो, फोन चार्जही होत राहतो. फक्त केबल बघून घ्या, काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. चारपाच जण असतील तर वाय-फाय: फोन शेजारी असेल तर ५ गिगाहर्ट्झ, भिंतीपलीकडे असेल तर २.४. आणि बॅटरी १५ टक्क्यांवर आलीय, फक्त एक मेल पाठवायचाय, तर ब्लूटूथ.